बिघडलेल्या बरणीचं पान

ताई, तू गेल्यावर भेटायला आलेल्या माणसांनी तुझं इतकं कौतुक केलं की शेवटी मला उठून स्वयंपाकघरात जावं लागलं. मागच्या गल्लीतल्या वकिलीणबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "काय हात होता हो बाईंचा! इतकी वर्षं घरी वाइन केली, पण एकदा म्हणून बिघडली नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी चहाचं आधण ठेवलं आणि साखरेचा डबा ओट्यावर जरा जोरातच आपटला. तुझी मीरा धावत आली. "मावशी, काय झालं?" आईला जाऊन आठवडाही न झालेल्या मुलीला काय सांगणार, की तुझी आई एक नंबरची खोटारडी होती?

तुला मात्र सांगते. तू खोटारडी होतीस. तुझी वाइन बिघडायची, आणि चांगली सणसणीत बिघडायची. कधी तिला सडक्या अंड्याचा वास यायचा, कधी वर पांढरी साय धरायची. एकदा तर बरणीचं झाकण उडून जिन्याखालची भिंत जांभळी झाली आणि तू रंगाऱ्याला खुशाल सांगितलंस की ओल आली आहे. ओल! त्या वर्षी नळाला पाणी येईना, आणि तुझ्या भिंतीला म्हणे ओल. त्याला हे पटलं नसावं, पण तुझ्यापुढं बोलायची त्याची काय बिशाद. मला हे सगळं ठाऊक आहे, कारण ते मी लिहून ठेवत होते आणि लिहिलेलं पान तू फाडत होतीस.

आपल्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या दोनच धंदे झाले. कुणी पूजा सांगायचं, कुणी कचेरीत बसून खरडायचं. तू पहिल्यांच्या वळणावर गेलीस. तुला सगळं मंगल हवं, शेवटी आरती झालीच पाहिजे. मी दुसऱ्यांच्या. माझी सगळी नोकरी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत झाली. बाटलीत जे सापडलं ते लिहायचं, मग ती विहीर कुणाची का असेना. तू शाळेत भूगोल शिकवलास, आणि वर्गात काय शिकवत होतीस देव जाणे. घरी मात्र तुझ्या नकाशावर फक्त सुपीक जमिनी होत्या.

तरी वही तूच दिली होतीस. हे मी विसरलेले नाही, आणि विसरता येत नाही म्हणून जास्तच राग येतो. आमचे हे गेले त्या वर्षीची गोष्ट. लोक येत होते, धीर धर म्हणत होते, जात होते. तू एका सकाळी रिक्षानं आलीस, हातात काळ्या द्राक्षांची पाटी. सांत्वनाचा एक शब्द नाही. म्हणालीस, "हात धू आणि मणी काढायला बस." मी म्हटलं, ताई, मला नको आता काही. तर म्हणालीस, "तुला कोण विचारतंय? द्राक्षं थांबणार आहेत का तुझ्यासाठी?" दुपारपर्यंत आपण मणी खुडत बसलो. माझी बोटं जांभळी झाली. किती तरी दिवसांनी मला सपाटून भूक लागली. जेवण झाल्यावर तू पिशवीतून एक लांबोडकी, कापडी पुठ्ठ्याची वही काढलीस आणि माझ्यापुढं टाकलीस. "मी करीन, तू लिही. मला लिहायचा कंटाळा आणि तुझा लिहिल्याशिवाय जीव राहत नाही."

मग काय, मी रकाने आखले. फळ कुठलं, कुठून आणलं. हायड्रोमीटर म्हणजे ती काचेची तरंगती नळी रसात सोडून साखर मोजायची, तो आकडा. गाळावरून कधी काढली. चव. आणि एक रकाना पाण्याचा. त्याला तू किती हसलीस! "वाइनच्या वहीत पाणी? लोक म्हणतील भेसळ करतात." अगं, जांभळाच्या वाइनीत पाणी घालावंच लागतं. आणि आपल्या गावात पाणी म्हणजे एक वस्तू आहे का? नळाचं वेगळं, बोअरचं वेगळं, टँकरचं तर कुठून भरलं ते टँकरवाल्याला तरी ठाऊक असतं का? मी तो रकाना ठेवला. दुसऱ्या कुठल्या गावात वाइन करणाऱ्या बाईच्या वहीत असा रकाना असेल असं मला वाटत नाही.

शेवटचा छोटा रकाना हुक्क्याचा. बरणीच्या झाकणात बसवायची ती वाकडी नळी, जिच्यात थोडं पाणी ठेवायचं. आतला वायू त्या पाण्यातून बुडबुड करत बाहेर पडतो आणि बाहेरची हवा आत शिरत नाही. तिला काहीतरी इंग्रजी नाव आहे, पण ती बुडबुडायला लागली की तू म्हणायचीस, "बघ, आजोबा हुक्का ओढतायत." आपल्या उन्हाळ्यात त्या हुक्क्यातलं पाणी बघता बघता उडून जायचं. ते काम माझं होतं. दर रविवारी हर्सूलच्या माझ्या फ्लॅटवरून सिडकोतल्या तुझ्या घरी यायचं, जिन्याखाली वाकायचं, चमच्यानं हुक्क्यात पाणी घालायचं आणि वहीत खूण करायची. हुक्का कोरडा पडला की हवा आत जाते, आणि हवा गेली की वाइनीचा सिरका, म्हणजे व्हिनेगर होतो. एवढंसं शास्त्र आहे. चमचाभर पाण्याचं.

तुझ्या वाट्याला एकच रकाना होता, चवीचा. तिथं तू काय लिहायचीस? "उत्तम." पुढच्या पानावर "अप्रतिम." त्याच्या पुढं "पाहुणे खूश." पाहुण्यांना तरी तू खरं कुठं सांगायचीस? सोवळ्यातल्या काकूंना तू वाटीभर द्यायचीस आणि म्हणायचीस, "द्राक्षासव आहे, पचनाला बरं." काकूंचं पचन इतकं बिघडलं की त्या दर आठवड्याला यायला लागल्या. तेव्हा मी हसले होते. आता तेही हसू येत नाही. एका बाईच्या सबंध आयुष्याच्या चवीच्या रकान्यात "उत्तम" सोडून दुसरा शब्द नसावा, याची मला आता भीती वाटते.

मी तुला किती वेळा सांगितलं. चांगली झालेली वाइन काही शिकवत नाही. पिऊन संपते. बिघडली ती का बिघडली हे लिहून ठेवलं, तर पुढची वाचते. तू म्हणायचीस, "बिघडलेलं घरात ठेवू नये, सुमे." बरणी मोरीत ओतायचीस, आणि मी गेल्यावर पान फाडायचीस. इतकं सफाईनं की शिवणीत फक्त दातेरी कड उरायची. मी पुढच्या रविवारी वही उघडायची, कड दिसायची, मी भांडायची, तू खिचडी टाकायचीस. खिचडी झाली की भांडण संपलं असं तूच ठरवून टाकायचीस.

आणि त्या वहीत काय काय होतं गं! खुलताबादच्या उतारावरचं ते जांभळाचं झाड आठवतं? आपण चादर धरायचो आणि गाडीवाला फांद्या हलवायचा. रस्ता रुंद झाला त्यात ते गेलं. तू घरी येऊन रडलीस. माझ्या वहीत ते आहे: "जांभळं, खुलताबादचा उतार, दर्ग्याच्या अलीकडचं झाड." पण त्याच झाडाची एक बरणी बिघडली होती, ते पान तू फाडलंस. म्हणजे झाडाचं एक वर्ष तूच तोडलंस. रस्तेवाल्यांना शिव्या देताना तुला हे सुचलं नाही. भूगोलाच्या बाईला हे मी सांगायचं? तुझ्या गल्लीतले बंगले एकेक करत पडले, चार-चार मजले चढले, तुझ्या गच्चीतून दिसणारा डोंगर झाकला गेला. जे होतं ते होतं, आणि जे नासलं ते का नासलं, एवढं तरी कुणी लिहून ठेवायला नको?

मग तो मोठा दुष्काळ. तुझ्या हाताखाली शिकून लासूर स्टेशनकडं दिलेली सिंधू द्राक्षं घेऊन आली होती. पाटी उतरवत म्हणाली, "बाई, औंदा मणी लई बारकं हाय. बागंला पानीच नाय. पर चाखून बघा, साखर हाय नुसती." खरंच होतं. मी हायड्रोमीटर सोडला तर तो इतका वर तरंगला की मला वाटलं नळीच खराब आहे. तू सिंधूला जेवायला बसवलंस, साडी दिलीस आणि म्हणालीस, "ही आपली सगळ्यात भारी वाइन होणार. लिही, सुमे."

मी लिहिलं. आणि ती वाइन साफ बिघडली. सगळ्या बरण्या, एकजात. आंबट ढोण. का, तेही मला कळलं होतं, कारण मी त्या दिवशी मोरीच्या दारात उभी होते. टँकर आला नव्हता, पिंपात तळाशी पाणी होतं. दुष्काळात आपल्याकडे जी सवय लागते, एकच पाणी दोनदा-तीनदा वापरायची, तीच तू केलीस. भाजी धुतलेलं पाणी कुंडीला, अंघोळीचं पाणी संडासाला. तसंच एका बरणीत विसळलेलं पाणी दुसरीत, दुसरीतलं तिसरीत. पहिल्या बरणीत जुना सिरका लागलेला होता. त्या एका बरणीनं सगळ्यांना लागण केली. मी तेव्हाच म्हटलं, ताई, निदान उकळून घे. तू म्हणालीस, "गॅस काय फुकट येतो?"

मी पानभर लिहिलं. फळ, साखर, सगळं. आणि कारण: "एकाच पाण्यात सर्व बरण्या विसळल्या." खरं सांगते, ते माझ्या वहीतलं सगळ्यात उपयोगी पान होतं. या गावात वाइन करणाऱ्या कुणालाही ते पान उपयोगी पडलं असतं. तू ते माझ्यासमोर फाडलंस. पहिल्यांदाच समोर.

"हे काय लिहिलंस? उद्या मीरेनं वाचलं तर?"

"वाचू दे की."

"मास्तरीणबाईला बरण्या धुता येत नव्हत्या म्हणेल."

"दुष्काळात पाणी नव्हतं म्हणेल. शहाणी मुलगी आहे."

"माझ्या घरात माझं नासलेलं कुणी टांगून ठेवायचं नाही, सुमन."

सुमे नाही, सुमन. मी माझा हायड्रोमीटर फडक्यात गुंडाळला, वही काखेत मारली आणि निघाले. दारातून म्हटलं, "मग घाल आता तुझ्या मनानं. कोण लिहितंय बघते." त्या दिवशी खिचडी टाकायला तू उठली नाहीस.

आपण अबोला धरला असं म्हणता येणार नाही. फोन व्हायचे. दिवाळीला तुझं ताट आलं, संक्रांतीला माझं गेलं. फक्त जिन्याखाली मी गेले नाही आणि तू ये म्हणाली नाहीस. तू एकटीनं बरणी घातल्याचं मला तुझ्या कमलकडून कळलं. तुझ्याकडं धुणीभांडी करणारी ही कमल मला भाजीबाजारात भेटली होती. म्हणाली, "मोठ्या बाईनं एकच घातलीय. आन्‌ रोज वाकून बघत्यात." मला बरं वाटलं. घाल म्हटलं, आंबू दे, मग येशील शरण. माझं काही चुकलं असं मला तेव्हा वाटत नव्हतं आणि आजही वाटत नाही.

या उन्हाळ्यात मी दर दोन-चार दिवसांनी फोन करत होते. "कशी आहेस?" "उत्तम." "जेवलीस?" "हो की, पाहुणे होते, सगळे खूश." मेल्या माझ्या कानांना कसं कळलं नाही! मी त्या रकान्यातले शब्द इतकी वर्षं वाचत आले होते. तू ते शब्द दवाखान्याच्या खाटेवरून बोलत होतीस, आणि मी इकडं पंख्याखाली बसून म्हणत होते, बरी आहे की, ताठा काही गेला नाही अजून.

पोटात गाठ होती. मीरेला ठाऊक होतं, ती पुण्याहून येऊन राहिली होती. कमलला ठाऊक होतं. वकिलीणबाईंना ठाऊक होतं, त्या डबा पाठवत होत्या. इतकंच काय, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला ठाऊक होतं, कारण मी परवा त्याच्याकडून तुझे कपडे आणायला गेले तर तो म्हणाला, "भोत तकलीफ हुई बाई को, कितने दिन से." गावाला ठाऊक, आणि पाठच्या बहिणीला नाही. मीरेचा फोन आला तेव्हा तू बोलायच्या पलीकडं गेली होतीस. मी तुझा हात धरून बसले. तो हात काही सांगत नव्हता. मला तुझ्याशी भांडायचं होतं ताई, आणि तू भांडायलासुद्धा काही शिल्लक ठेवलं नाहीस.

मीरेला मी विचारलं, का नाही सांगितलंस मला? ती आधी टाळत होती. मग रडायलाच लागली. "मावशी, मी रोज म्हणत होते, मावशीला बोलवू. आईनं शपथ घातली. म्हणाली, सुमीला सांगू नकोस. ती लिहून ठेवील."

ती लिहून ठेवील.

हे वाक्य मी गेले कित्येक दिवस चघळते आहे आणि ते गिळलं जात नाही. तुला वाटलं काय गं? मी खाटेशी वही घेऊन बसले असते? आज इतकं खाल्लं, आज इतकं ओकली? कदाचित बसलेही असते. त्यात काय वाईट होतं? माझ्या जन्मभराच्या मायेला दुसरं रूपच नाही. ज्यावर जीव असतो ते मी लिहून ठेवते, आणि हे तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं? तूच तर ती वही माझ्या मांडीवर टाकली होतीस, माझा जीव जागेवर राहावा म्हणून. मग स्वतःची पाळी आल्यावर तुला ती नको झाली. मला तू माझ्या वाईट दिवसांत बाहेर काढलंस आणि तुझ्या वाईट दिवसांत मला दाराबाहेर ठेवलंस. हा तुझा मोठेपणा असेल, लोक तसं म्हणतायतही. मी याला लबाडी म्हणते.

काल मीरा घर आवरत होती. घर तिला ठेवायचं नाही. इथंही मजले चढतील. जिन्याखालून तिनं हाक मारली, "मावशी, ही एक बरणी राहिली आहे. ओतून देऊ?" मी म्हटलं, हात लावू नकोस. वाकून आत गेले. गुडघे कुरकुरले. तुझी शेवटची बरणी तिथं फळीवर होती, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली, गळ्याशी तू शाळेत नकाशे बांधायचीस तशी गाठ. हुक्का कोरडा होता. नुसता कोरडा नाही, नळीत पाण्याचा पांढरा क्षार तेवढा चिकटला होता. तू दवाखान्यात गेल्यापासून त्यात कुणी थेंब घातला नव्हता. कमलला काय माहीत? मीरेला काय माहीत? ते माझं काम होतं.

झाकण काढलं आणि वासानंच कळलं. तरी वाटीत घेतली, तोंडात धरली. सिरका. डोळ्यांत पाणी आलं ते सिरक्यानं, असं मीरेला सांगितलं. बघ, तुझ्या संगतीनं मलाही खोटं बोलता येतं.

मग मी हर्सूलला जाऊन वही घेऊन आले, तुझ्याच ओट्यावर बसले आणि नवीन पान काढलं. फळ: रंगावरून काळी द्राक्षं, किंवा जांभळंही असतील; नक्की सांगणारं कुणी नाही. साखर: मोजलेली नाही. पाणी: माहीत नाही. हुक्का: कोरडा. चव: पूर्ण बिघडली. आणि कारण लिहायला मात्र मी वेळ घेतला, कारण तिथं मला खोटं चालत नाही. कारण: "ताई आजारी होती. बहिणीला कळवलं नाही. कळवलं असतं तर ती भांडत आली असती, पण आली असती, आणि हुक्क्यात चमचाभर पाणी घातलं असतं."

शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसले. मीरेनं ते वाचलं. शहाणी मुलगी आहे, उठून तांदूळ-डाळ धुतली आणि खिचडी टाकली.

वही मी हर्सूलला परत नेली नाही. जिन्याखालच्या फळीवर, तुझ्या त्या बरणीशेजारी, तेच पान वर करून उघडी ठेवली आहे. घर उभं आहे तोवर ती तिथंच राहील. तुझं नासलेलं तुझ्याच घरात टांगून ठेवलं आहे ताई, सगळ्यांना दिसेल असं. तुला हे सहन व्हायचं नाही, मला ठाऊक आहे.

मग ये ना. ये आणि फाड.